ट्रंक पुढे, मास्तर मागे

मी शिरूरच्या हायस्कुलात भूगोल शिकवतो. म्हणजे समुद्र शिकवतो, वाळवंट शिकवतो, ज्वालामुखी शिकवतो. आणि यातले काहीही मी पाहिलेले नव्हते. ज्वालामुखीबद्दल कोणी जाब विचारत नसे, पण समुद्राबाबत पोरांना फार चौकशा. भरती-ओहोटी मी वर्गात परातीत पाणी हलवून दाखवायचो. एका वर्षी पहिला बाक चिंब भिजला, आणि मागून कवठे येमाईचे एक कार्टे म्हणाले, "सर, तुमी सोता बगितलाय का समुंदर?" मी म्हणालो, "भूगोल बघायचा नसतो, समजून घ्यायचा असतो." वर्गाचे समाधान झाले. माझे काही झाले नाही.

त्यातून सिलोन हा माझा जीव की प्राण. आंब्याच्या कोयीएवढा देश, चहूबाजूंनी पाणी, आणि कडेने नुसते किनारे. निगोंबो, माउंट लाव्हिनिया, बेंतोटा, हिक्कडुवा, गाल, त्रिंकोमाली ही नावे मी फळ्यावर न बघता लिहीत असे. स्टँडवरच्या हॉटेलात रेडिओवर सिलोन लागले की लोक गाणी ऐकायचे. मी गाण्याच्या मागे लाटा ऐकू येतात का, म्हणून कान लावायचो. ऐकू यायची ती खरखर. पण ती खरखर म्हणजेच समुद्र, असे मी मनाशी ठरवून टाकले होते.

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका प्रवासी मंडळाने शिक्षकांसाठी 'सिलोनचे रम्य सागरकिनारे' अशी सहल काढली. दौंडला मद्रास मेलमध्ये बसायचे, मद्रासहून धनुष्कोडी, तिथून बोट, आणि मग किनाऱ्या-किनाऱ्याने सगळ्या बेटाला प्रदक्षिणा. मी नाव नोंदवून आलो आणि मगच घरी सांगितले. आमची ही म्हणाली, "एकटेच? बरं. पण मफलर न्या." सिलोन विषुववृत्ताजवळ आहे हे मी नकाशा काढून समजावले. तिने मफलर काढून ठेवला.

बातमी फुटली आणि सल्ले सुरू झाले. पोस्टमास्तर म्हणाले, खाऱ्या वाऱ्याने मिशा झडतात. हेडमास्तरांनी शाळेची घंटा तडकल्याचे सांगून एक मोठा शंख आणायला सांगितला. स्टँडजवळ सायकलचे दुकान असलेले शेखलालभाई म्हणाले, "मास्तर, रबर तिथं झाडाला लागतंय म्हंत्यात. ट्यूबला लागतंय तेवढं बघून या की." मी सगळ्यांना हो म्हणत गेलो. परदेशी जाणाऱ्या माणसाने मोठ्या मनाचे असावे लागते.

मग पासपोर्ट. अर्जात 'ओळखीची खूण' असा एक रकाना होता. कचेरीतल्या कारकुनाने मला सदरा काढायला लावून पुढून-मागून पाहिले आणि म्हणाला, "एवढं वय झालं, साधी एक खूण नाही?" जन्म फुकट गेल्यासारखे वाटले. शेवटी त्याला कानामागे एक तीळ सापडला आणि आम्हा दोघांनाही आनंद झाला. पुढे पोलीस चौकशी. हवालदार आले ते थेट आमच्या घरमालकीणबाईंकडे, साखरबाईंकडे गेले. साखरबाईंनी जबाब दिला, "मानूस गरीब हाय. कुनाच्या अध्यात न्हाई. पर न्हाणीतला दगुड बसवीन म्हनून दोन वर्सं झाली, अजून बसवीत न्हाई." हे सगळे हवालदारांनी लिहून घेतले. सरकारने दगडाकडे दुर्लक्ष केले आणि पासपोर्ट आला. मी तो कोटाच्या आतल्या खिशात घातला, कोट ट्रंकेत तळाशी ठेवला आणि ट्रंकेला कुलूप लावले. इतकी सुरक्षित जागा आपल्याला सुचली याचा मला अभिमान वाटला.

आणि इथे साखरबाई मध्ये पडल्या.

साखरबाई म्हणजे अंगाने काडी, पण आवाज सगळ्या आळीला पुरेल असा. त्यांनी जोशीबुवांना विचारून आणले होते, की सहलीच्या तारखेच्या आसपास निघायला एकही दिवस धड नाही. चांगला दिवस आहे तो उद्याचा. "उद्या कसा निघू? गाडी पुढच्या महिन्यात आहे," मी म्हणालो.

"तुमी नगा निघू. प्रस्थान ठिवा."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मुहूर्त एका दिवशी आणि जाणे दुसऱ्या दिवशी असले, तर मुहूर्ताला आपली एखादी वस्तू जायच्या दिशेने दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवतात. म्हणजे आपण निघालोच, असे धरायचे. लोक सुपारी-तांदळाचे गाठोडे ठेवतात. मीही गाठोडेच म्हणालो. साखरबाई म्हणाल्या, "दर्यापार जायचं आन् गठुळं? ट्रंकच ठिवा. आन् ध्येनात धरा, प्रस्थान म्हंजी निम्मा मानूस वाटंला लागला. त्ये उघडायचं न्हाई, मागं आनायचं न्हाई. पाच दिसांच्या वर एका घरात ऱ्हाऊ द्यायचं न्हाई. पुढंच सरकवायचं."

मी भूगोलाचा शिक्षक. मी हसायला हवे होते. पण बोट, वादळ, खोल पाणी असले शब्द मी स्वतःच वर्गात इतक्या वेळा रंगवून सांगितले होते, की माझाच माझ्यावर परिणाम झाला होता. शिवाय भाडेकरूने घरमालकिणीशी शास्त्रार्थ करू नये.

सिलोन दक्षिणेला. आमच्यापासून दक्षिणेला पहिले ओळखीचे घर शेखलालभाईंचे. मुहूर्तावर ट्रंक तिथे गेली. त्यांच्या बायकोने, सुलतानबीने, तिच्यावर भरतकामाचा रुमाल घातला आणि घरातल्या कोणालाही तिच्यावर टेकू दिले नाही. मी त्यांच्याकडे इतक्या वर्षांत अनेकदा गेलो होतो, मला नेहमी हवा भरायच्या पंपाशेजारी उभे करत. ट्रंकेला मात्र आतल्या खोलीत जागा मिळाली.

माझे सगळे बरे कपडे ट्रंकेत होते. राहिलेल्या एका धोतरावर आणि कोपरावर विरलेल्या सदऱ्यावर मी वार्षिक परीक्षा पार पाडली. हेडमास्तर एकदा हळूच म्हणाले, "अडचण असली तर सांगा हो." मी म्हणालो, "माझे कपडे पुढे गेलेत." त्यानंतर ते माझ्याशी जरा जपूनच बोलू लागले.

एवढ्यात मंडळाचे कार्ड आले: सिलोनचा शिक्का घ्यायचा आहे, पासपोर्ट ताबडतोब पाठवा.

मी ते कार्ड साखरबाईंना वाचून दाखवले. "ट्रंक उघडायची न्हाई," त्या म्हणाल्या. मी सरकार, कायदा, आंतरराष्ट्रीय करार असे सगळे सांगितले. त्या शेंगा फोडत राहिल्या. तेव्हा मी ठरवले, की सरळ शेखलालभाईंकडे जायचे, ट्रंक उघडायची आणि काही झालेच नाही असा चेहरा करून परत यायचे. भर दुपारी गेलो. आतली खोली रिकामी. शेखलालभाई आनंदाने म्हणाले, "आजच मुदत भरली, मास्तर! आमच्या घरी काय चूक व्हायला नको म्हनून सकाळीच धाडली बघा खुटबावला. साखरबाईंच्या भावाकडं. हौसराव बाजाराला आलं हुतं, बैलगाडीत घातली. तुमाला तरास नको म्हनून बोललो न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी खुटबावला गेलो. हौसरावांच्या सोप्यात माझी ट्रंक पाटावर ठेवलेली, पुढे हळदीकुंकू, आणि गावातल्या बाया तिला बघायला येत होत्या. एक म्हातारी दुसरीला सांगत होती, "लंकंला चाललीया." मी शेजारीच उभा होतो, पण माझी कोणी ओळखसुद्धा करून दिली नाही. हौसराव मात्र मोठ्या दिलाचे निघाले. मी गयावया केल्यावर त्यांनी दार लोटून घेतले आणि म्हणाले, "बहिनीला कळू देऊ नगा. उघडा बिगीबिगी."

मी खिशात हात घातला. किल्ली नव्हती. ती हिच्या जुडग्यात, हिच्या कमरेला, शिरूरला.

हौसरावांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू भूगोलच काय, कोणताही विषय या माणसाने शिकवू नये. मग त्यांनी मला पिठले-भाकरी वाढली. जेवण उत्तम होते, अपमान झालेल्या माणसालाही ते दोनदा घ्यावेसे वाटले. किल्ली घेऊन पुन्हा यायला मला नेमके तितकेच दिवस लागले, जितक्यांत खुटबावची मुदत भरावी. ट्रंक दौंडला रवाना झाली होती. तिथे शेखलालभाईंचे जावई इनुस रेल्वेत होते. यार्डापलीकडच्या त्यांच्या क्वार्टरात ती सुखरूप असल्याचा निरोप होता. आता सहलीला दोनच दिवस उरले होते. मी मंडळाला तार केली. उत्तर आले: पासपोर्ट गाडीत हाती द्या, मद्रासला शिक्का घेऊ.

म्हणजे अजून सगळे बुडाले नव्हते. ट्रंक दौंडला, गाडी दौंडला, मी दौंडला जाणार. भूगोलाच्या दृष्टीने यात कुठेच चूक दिसत नव्हती.

मला पोचवायला अर्धी आळी निघाली. साखरबाई निघाल्या, शेखलालभाई दुकान बंद करून निघाले, हेडमास्तर शंखाची आठवण द्यायला निघाले. आमची ही मफलर घेऊन निघाली. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताना साखरबाईंनी बजावले, "आता जाऊन आल्याबिगर घरात पाय घालायचा न्हाई." गळ्यात इतके हार पडले, की एस.टी.च्या कंडक्टरने मला खिडकीची जागा दिली. त्याला वाटले मी निवडून आलो आहे.

दौंडला वेळेत पोचलो. मी सरळ फलाटाकडे निघालो, तर साखरबाईंनी धोतराचा सोगा धरला. "कुठं निगाला? प्रस्थान ज्या घरात हाय तिथनं आपल्या हातानं उचलावं लागतं."

मी म्हणालो, "गाडी येईल."

"गाडी यील आन् जाईल. बोट बुडली म्हंजी मग?"

निघालो. पूल चढलो, पूल उतरलो, रुळांच्या कडेने क्वार्टर शोधले. इनुसच्या बायकोने, रशिदाने, दार उघडले आणि माझ्या हारांकडे बघून पदर सावरला. "सलाम, मास्तर. ट्रंक ना? ते घेऊन गेले की टेसनावर. म्हनाले, मास्तर थकून येतील, त्यांना कशाला वझं."

या गोष्टीत एकही वाईट माणूस नाही, हेच तर माझे दुर्दैव. एखादा जरी कामचुकार भेटला असता तरी ट्रंक जागच्या जागी राहिली असती.

मी उलटा पळालो. हार एका बाजूला, टोपी दुसऱ्या बाजूला. आमच्या दौंडला गाड्या उशिरा येतात अशी माझी समजूत होती. त्या दिवशी मेल वेळेवर आली. पुलावर चढलो तेव्हा ती उभी होती. पुलाच्या मध्यावर होतो तेव्हा शिट्टी झाली. पायऱ्या उतरत होतो तेव्हा डबे माझ्यासमोरून सरकत होते, आणि एका खिडकीतून लाल पागोट्याचे एक गृहस्थ ट्रंकेवर हात ठेवून माझ्याकडे बघून हात हलवत होते. ते पाटसचे सोपानराव. मंडळाच्या काही जागा रिकाम्या होत्या म्हणून शिक्षक नसूनही त्यांना सहलीत घेतले होते. इनुसने ट्रंक त्यांच्या ताब्यात दिली होती आणि "मास्तर मागनं येत्यात" असे सांगितले होते. ते मला दुसऱ्या डब्यात चढ म्हणून खुणावत होते. दुसरा डबा गेला. तिसरा गेला. मग नुसते रूळ राहिले.

मी फलाटावर बसलो. खरेच सांगतो, मला रडू आले. चाळिशी ओलांडलेला, मिशा असलेला, हार घातलेला माणूस फलाटावर रडतो आहे हे चांगले दिसत नाही, हे मला कळत होते. पण सोळा वर्षे परात हलवली होती हो मी. आमच्या हिने मफलर पुढे केला आणि मी त्याला डोळे पुसले.

साखरबाई बराच वेळ गाडी गेली तिकडे बघत होत्या. त्याही दौंडच्या पलीकडे कधी गेलेल्या नव्हत्या. शेवटी म्हणाल्या, "जाऊ द्या मास्तर. निम्मं तरी गेलात."

पण नियम तो नियम. प्रस्थान वाटेवर असताना आणि उंबरा ओलांडलेला असताना मला घरात शिरता येईना. सुट्टीतले सगळे दिवस मी शेखलालभाईंच्या दुकानात काढले. दोन वेळचा डबा घरून यायचा. लोक पंक्चर काढायला यायचे आणि विचारायचे, "मास्तर, सिलोनवरनं कवा आला?" मी म्हणायचो, "अजून जातोय." संध्याकाळी मी भिंतीवरच्या नकाशापुढे बसून हिशेब करी: आज ट्रंक निगोंबोला असेल, आज गालला. तिला मिळते आहे ते मला मिळत नाही, या विचाराने जीव जळायचा. पत्र्याच्या ट्रंकेचा हेवा करणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पुष्कळ दिवस पाहिला, शेखलालभाईंच्या दाढीच्या आरशात.

जूनच्या तोंडावर सोपानराव स्वतः ट्रंक घेऊन शिरूरला आले. आळी गोळा झाली. ते ओशाळलेले होते. मद्रासला मंडळाच्या व्यवस्थापकाने पासपोर्टसाठी कुलूप फोडले होते, पासपोर्टवर शिक्का बसला होता, फक्त मी नव्हतो. आणि सोपानराव घरून एका धोतरावर निघाले होते. "चुकलं माझं, मास्तर. तुमचा कोट घातला, तुमचं बूट घातलं. समदी सायबावानी, आन् म्या एकटा उघडावाघडा बरा दिसंना."

मी म्हणालो, "ते राहू द्या. समुद्र कसा आहे?"

सोपानरावांनी विचार केला. "पानी लै हाय. त्या बेंतोट्याला नदी यिऊन मिळती बघा, गोडं पानी खाऱ्यात जातंय, जीव तुटतो. हिक्कडुव्याला पान्याखाली दगडाची फुलं हायती, काचंच्या बुडाच्या होडीतनं बगितली. त्रिंकोमालीला तर नदर संपती, पानी संपत न्हाई. येवढं पानी, मास्तर, आन् मोट धरायला एक मानूस न्हाई!"

मग त्यांनी खिशातून फोटो काढला. माउंट लाव्हिनियाचा किनारा, मागे लाट फुटलेली, आणि पुढे सहलीची मंडळी. मधोमध माझा कोट उभा होता. आत सोपानराव होते. फोटो हातोहात फिरला. हेडमास्तर म्हणाले, "वा, छान आलात!" पोस्टमास्तर म्हणाले, "मिशा शाबूत आहेत की." मी ओरडून सांगितले, की हा मी नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले, फोटोकडे पाहिले, आणि समजूतदारपणे मान हलवली. वर्षानुवर्षे लोक माझा कोटच बघत आले होते, हे मला त्या दिवशी कळले. हिच्याकडे मी मोठ्या आशेने वळलो. ही म्हणाली, "मफलर न्यायला हवा होता. गळा उघडा दिसतोय."

मी वैतागून घराकडे निघालो, तर दारात साखरबाई आडव्या. हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या. "वाटंवरनं आलेल्याच्या पायावर पानी घातल्याबिगर आत न्हाई."

"कोणाच्या पायावर?" मी विचारले. "मी तर सायकलच्या दुकानातून येतोय."

शेखलालभाई म्हणाले, "आन् ट्रंकंला तर पायच न्हाईत."

साखरबाई अडल्या. असा पेच त्यांनाही पूर्वी पडला नसावा. मग त्यांनी ट्रंक अंगणात उघडायला लावली, माझे बूट बाहेर काढले आणि पायरीशी ठेवले. "ह्ये गेलं हुतं तिथं. घाला."

आळी बघत होती. मी बूट घातले. आत बोटांना काहीतरी खरखरीत लागले. सोपानराव खाली मान घालून म्हणाले, "वाळू हाय ती. लै झटकली, पर निगंनाच."

साखरबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तांब्या माझ्या पायांवर ओतला. पाणी बुटांत भरले. वाळू सुटी झाली, बोटांच्या मधून वर आली, आणि पाणी कडेने निघून जाताना माझ्या टाचांखालून हळूच सरकत सरकत बाजूला झाली. लाट परतताना उभ्या माणसाच्या पायाखालची वाळू अशीच निसटते, असे मी किती वर्षे वर्गात सांगत आलो होतो. अगदी तसेच होते.

"झालं," साखरबाई बाजूला होत म्हणाल्या. "या आता घरात."

मी हललो नाही.

"साखरबाई," मी म्हणालो, "आणखी एक तांब्या घाला."